सैनिकी शपथ
सेनादलात दाखल होताना सैनिकाने निष्ठा व आज्ञापालन यांविषयी विधिपूर्वक घ्यावयाची शपथ. ती कोणाप्रत घेतली जाते, यावरून राज्यव्यवस्थेतील सेनेचे स्थान स्पष्ट होते. राजेशाहीत ती राजाप्रत असे. लिखित संविधाने अस्तित्वात आल्यावर अनेक देशांत राजाची जागा संविधानाने घेतली. अमेरिकेत १७८९ मध्येच तसा कायदा झाला. स्वतंत्र भारताचा सैनिकही कायद्याने प्रस्थापित संविधानाप्रत निष्ठेची शपथ घेतो.

या शपथेचे महत्त्व व तिच्या मर्यादा जर्मनीच्या इतिहासावरून विशेषत्वाने दिसून येतात. वायमार संविधानानुसार (१९१९) सैनिकांना संविधाननिष्ठेची शपथ घ्यावी लागे. तथापि अनेक वरिष्ठ अधिकारी मनाने राजसत्तावादीच राहिले. मार्च १९२० मधील काप याच्या बंडाच्या वेळी सेनाश्रेष्ठींनी बंडखोरांविरुद्ध सैन्य वापरण्यास नकार दिला. ते बंड मुख्यतः सार्वत्रिक संपामुळे फसले. १९३३ च्या अखेरीस शपथेतून संविधानाचा उल्लेख वगळण्यात आला. २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांचे निधन झाले व त्याच दिवशी सैनिकांना आडोल्फ हिटलरच्या नावाने बिनशर्त आज्ञापालनाची शपथ देण्यात आली. तीत कायद्याची कोणतीही मर्यादा नव्हती. परिणामी हिटलरच्या धोरणास विरोध म्हणजे शपथभंग, अशी भावना अनेक अधिकाऱ्यांत रुजली. युद्धोत्तर काळात काहींनी तीच सबब म्हणून पुढे केली. उलट, २० जुलै १९४४ च्या कटातील श्टाउफेनबर्ग प्रभृतींनी देशाप्रत असलेले कर्तव्य या शपथेहून श्रेष्ठ मानले. त्यांना देशद्रोही म्हणणाऱ्या माजी सेनाधिकारी रेमर यास ब्राउनश्वाइग येथील न्यायालयाने १९५२ मध्ये दोषी ठरविले.

पश्चिम जर्मनीच्या १९५६ च्या सैनिकविषयक कायद्याने व्यक्तिनिष्ठेची शपथ पुन्हा आणली नाही. संघीय प्रजासत्ताकाची एकनिष्ठ सेवा आणि जर्मन जनतेचा कायदा व स्वातंत्र्य यांचे रक्षण, असे नव्या शपथेचे स्वरूप आहे. मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारी आज्ञा पाळली नाही, तर ती अवज्ञा ठरत नाही. जिच्यामुळे गुन्हा घडेल, ती आज्ञा तर पाळताच येत नाही. अशा रीतीने आज्ञापालनाची सीमा कायद्यातच आखली गेली. शपथेचे शब्द एकट्याने सेनेस संविधाननिष्ठ करू शकत नाहीत, हे वायमारच्या अनुभवावरून दिसते. त्यासाठी सैनिकी शिक्षण, नागरी नियंत्रण व बेकायदेशीर आज्ञा नाकारणाऱ्यास संरक्षण यांची जोड आवश्यक असते.