सदाफुली आणि अडीच वर्षें

कोंकणांत घरापुढें सदाफुलीचें रोप बहुधा असतेंच. याच रोपापासून व्हिन्क्रिस्टीन नांवाचें औषध काढितात व रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांस तें शिरेवाटें देतात. (घरीं पानें वाटून मात्र कोणीं देऊं नयेत, तीं विषारी आहेत.)

मुलांच्या कर्करोगांत रक्ताचाच सर्वांत अधिक. ताप हटत नाहीं, मूल पांढरें फटफटीत पडतें, अंगावर काळेनिळे डाग उमटतात. आणि मग तळ्याचें एखादें कुटुंब इंदापूरच्या रस्त्यानें मुंबईस, परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघतें. १९४१ सालापासून ही वाट अनेकांच्या पायांखालची आहे.

उपचार सुरू झाल्यावर महिन्याभरांत बहुतेक मुलांचें रक्त निर्मळ दिसूं लागतें. मूल हंसतें, जेवावयास मागतें. आशेची खरी कसोटी येथूनच लागते. आरंभीं दूषित पेशी सुमारें लाख कोटी असतात. सूक्ष्मदर्शकांत त्या दिसेनाशा झाल्या तरी हजार कोटींपर्यंत उरलेल्या असूं शकतात. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं १९४८ सालीं हाच अनुभव प्रसिद्ध केला. भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झालेलें औषध त्यांनीं १६ मुलांस दिलें. १० मुलांस उतार पडला, परंतु कांहीं महिन्यांत रोग परतला. म्हणून आतां अनेक औषधें मिळून दोन ते तीन वर्षें देतात. उत्तरार्धांत बहुतेक गोळ्याच असतात, त्या घरीं घ्यावयाच्या.

श्रीमंत देशांत अशीं १० पैकीं सुमारें ९ मुलें बरीं होतात. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, व बरें दिसणाऱ्या मुलाचे उपचार मध्येंच सोडणें हें त्याचें एक मोठें कारण. आईबापांस मी दोष देणार नाहीं. भातलावणी तोंडावर आलेली, मजुरी बुडालेली, धाकटें भावंड शेजारणीकडे ठेविलेलें. मुंबईंत राहावयाचें कोठें? खर्चासाठीं महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. मुक्कामासाठीं मुंबईंत २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेचीं केंद्रें आहेत, तेथें मूल व आईबाप विनामूल्य राहतात. रुग्णालयांतील समाजसेवकास पहिल्याच दिवशीं विचारावें.

उपचार चालूं असतां ताप आला तर काढा देऊन सकाळची वाट पाहूं नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात; कांहीं तासांतच जिवावर बेततें. रात्रींच निघावें.

गोळ्या संपल्यावरही कांहीं वर्षें तपासणी असते. पण तेव्हां मुलगी शाळेची एक दिवसाची रजा घेऊन जाते, आणि संध्याकाळच्या गाडीनें तळ्यास परत येते.