ग्राफिक्स कार्ड मध्येच का अडखळते?

संगणकातील ग्राफिक्स कार्ड हे मुळात पडद्यावर चित्र उमटविण्यासाठी बनविलेले. एकाच वेळी हजारो लहान हिशेब करण्याची त्याची हातोटी पाहून लोकांनी त्याला आभासी चलनाच्या कामाला जुंपले. आकड्यांचे कोडे सोडवावयाचे आणि मोबदल्यात नाणे मिळवावयाचे. याला मायनिंग, म्हणजे खाणकाम म्हणतात. कुदळ-फावडे मात्र कोठेच नाही! लोखंडी सांगाड्यावर सहा-आठ कार्डे मांडावयाची आणि ती रात्रंदिवस चालवावयाची, असा हा संसार. चार दिवस बरे जातात, मग एखादे कार्ड मंदावते किंवा सारे यंत्रच थिजते. पुष्कळजण लगेच नवे कार्ड आणावयास निघतात. ती घाई बरी नव्हे.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण पाहिली असेल. डोंगराकडून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर ती फिरे. पाण्याचा जोर कमी-अधिक झाला, तर जात्यात दोष नसतानाही दळण बिघडणारच. कार्डाचेही तसेच आहे.

प्रथम उष्णता पाहा. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत असते. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर असता कार्ड ६५ वर राहते, असे समजा. तीच खोली वैशाखात पत्र्याखाली ४२ अंशांवर गेली, की कार्ड ८२ च्या घरात जाणार. पुष्कळ कार्डे ८३ अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. धूळ झाडावी, कार्डांत अंतर ठेवावे, गरम हवेला बाहेर जावयास वाट द्यावी. कूलरचा ओला झोत मात्र थेट यंत्रावर सोडू नये, बरं का.

विजेकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे, कारण तेथे नुसते काम अडत नाही, आगही लागते. कार्ड मदरबोर्डापासून दूर बसविण्यासाठी रायझर नावाची जोडपट्टी वापरतात. कार्ड तिच्यातून ७५ वॉटपर्यंत वीज ओढू शकते. कित्येकजण तिला हार्ड डिस्कसाठी असलेला साटा प्लग जोडतात; त्याची ताकद सुमारे ५४ वॉटच. मग प्लास्टिक वितळते, कार्ड मध्येच गायब होते, आणि दोष येतो कार्डावर! रायझरला सहा पिनांची जाड जोडणीच द्यावी. अर्थिंग नसेल तर यंत्र सुरूच करू नये. गावात मोटारी सुरू होताना विजेचा दाब उतरतो. अशा वेळी पॉवर सप्लाय तेवढेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो आणि तापतो.

एवढे करूनही अडखळले तर? वाढवून ठेवलेला वेग आधी मूळावर आणावा. मग यंत्र बंद करून संशयित कार्ड चांगल्या कार्डाच्या जागी बसवावे. दोष कार्डाबरोबर गेला तर तो कार्डाचा. जुन्याच जागी राहिला तर रायझरचा किंवा तारेचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व वहीत टिपावी. शिक्षकबंधूंना वर्गात प्रयोगपद्धती शिकवावयास याहून सोपे उदाहरण कोणते?

आता जमाखर्च. १२० वॉटची सहा कार्डे आणि इतर १०० वॉट धरले, तर दिवसाला सुमारे २० युनिट, महिन्याला ६००. युनिटचा दर वापराबरोबर चढतो, तो आपल्याच बिलावर पाहा. कार्डांना मुख्य काम देणाऱ्या इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ही पद्धत सोडली. बिटकॉइन तर त्याच्या कितीतरी आधीच खास यंत्रांकडे गेले. शिवाय आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे. कर्ज काढून हा उद्योग मांडणाऱ्या तरुणाला हे कोणीतरी आधी सांगावयास हवे.

त्यानंतर खाणकामातील जुनी कार्डे बाजारात स्वस्तात आली. शाळेसाठी किंवा लग्नाच्या व्हिडिओच्या कामासाठी असे कार्ड घेत असाल, तर पैसे देण्यापूर्वी ते अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहा, पंख्यांचा आवाज ऐका आणि जोडणीच्या पिना काळवंडल्या आहेत का, ते उजेडात धरून तपासा.