खजुराच्या घडातली पहारेकरीण

मित्रकीटकांचे जग : भाग ७

उसाच्या खोडकिडीसाठी पानांना टाचली जाणारी ट्रायकोकार्डे आपण गेल्या आठवड्यात पाहिली. ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते, त्यामुळे किडीची अळी जन्मालाच येत नाही. पण अळी जन्मून फळात शिरली असेल तर? त्यासाठी ओमानच्या खजूरबागांकडे वळू.

तिथे खजुराला दोन किडींचा मोठा त्रास आहे. दुबास हा तुडतुडा झावळ्यांचा रस शोषतो. त्याने टाकलेल्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि झाडाचे अन्न तयार होणे मंदावते. दुसरी कीड म्हणजे हुमेरा, एक छोटा पतंग. त्याची अळी देठाजवळून कोवळ्या फळात शिरते. फळ लालसर होऊन वाळते आणि अळीने विणलेल्या धाग्याला लटकत राहते.

दोघांचे शत्रूही वेगळे. दुबासची मादी झावळीच्या गरात अंडी खुपसते. वर्षात दोन पिढ्या होतात आणि मधला बराच काळ कीड अंड्यातच असते. स्युडोलिगोसिटा बॅबिलोनिका ही सूक्ष्म गांधीलमाशी नेमकी ही अंडी हेरते.

हुमेराच्या अळीमागे असते गोनिओझस ओमानेन्सिस ही गांधीलमाशी. शास्त्राला ही जात नवी आहे; तिचे वर्णन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. दिसायला ती काळ्या मुंगीसारखी. अंग चपटे असल्याने अळी लपते त्या अरुंद फटींत तिला शिरता येते. डंख मारून ती अळीला लुळी करते आणि तिच्या अंगावर, बाहेरच्या बाजूने, अंडी घालते. पिल्ले अळी शोषून घेतात आणि शेजारीच कोष विणतात. गोनिओझसच्या काही जातींत आई या काळात पिल्लांजवळ पहारा देते, कारण तिच्याच जातीची दुसरी मादी ती अंडी नष्ट करून अळी बळकावू शकते.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. दुबासवर ओमानमध्ये विमानातून फवारणी होत आली आहे, विशेषतः वसंतात. हुमेराची अळी कोवळ्या फळांवर येते तीही त्याच सुमारास. सगळ्या किडींना मारणारे औषध असेल तर दुबास मरतोच, पण हुमेराला आवरणारी गांधीलमाशीही मरते. म्हणजे एका किडीवरचा उपाय दुसरीच्या पथ्यावर पडतो.

म्हणून औषध निवडण्याआधी धाग्याला लटकलेली काही फळे उघडून पाहावीत. अळी चपळपणे वळवळली तर कीड जोरात आहे. ती निपचित असेल आणि शेजारी बारीक कोषांचा पुंजका दिसला, तर त्या बागेत काम आधीच सुरू झाले आहे. तिथे फवारणीची घाई करू नये.

पुढील आठवड्यात : नारळावरची काळ्या डोक्याची अळी आणि तिच्यावर सोडली जाणारी गोनिओझसचीच दुसरी जात.