तोरणा ते राजगड : डोंगरधारेवरचा धडा



चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना तोरणा आणि राजगड ही नावे येतातच. एकदा हा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले, "बाई, गड चढायला एवढं काय अवघड असतंय ओ? आपल्या किल्ल्यात तर आपण सरळ चालत जातो की!"

त्याचे काही चुकले नव्हते. आपल्या सोलापूरचा किल्ला भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला. आपल्याकडे जिकडे बघावे तिकडे माळ आणि काळे रान. बार्शीकडे बालाघाटचे थोडे डोंगर लागतात, तेवढेच. कडा, सोंड, माची हे शब्द आपली मुले पुस्तकातच वाचतात. म्हणून आज आपण डोंगराची धार म्हणजे काय, ती कशी तयार होते आणि तिच्यावरून मित्रमंडळींसोबत चालताना काय काळजी घ्यायची, हे समजून घेऊ. उदाहरण घेऊ तोरणा ते राजगड या वाटेचे. या वाटेवर मी स्वतः एक मोठी चूक केली होती. तीही सांगणार आहे.

आधी शब्द समजून घेऊ

धार : दोन्ही बाजूंना उतार आणि मध्ये अरुंद, लांबच लांब माथा. विळ्याची धार आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.
सोंड : डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरत गेलेला लांब भाग, हत्तीच्या सोंडेसारखा.
कडा : भिंतीसारखा उभा, ताशीव खडक.
खिंड : दोन उंच भागांमधली खोलगट जागा. वाटा बहुतेक इथूनच डोंगर ओलांडतात.
माची : गडाच्या मुख्य माथ्याखाली पसरलेला, तटबंदी घातलेला भाग.
घसारा : उतारावर पसरलेली सुटी माती आणि बारीक खडी. पाय ठेवला की सरकतो.
नेढे : खडकाला आरपार पडलेले भोक. सुईच्या भोकालाही आपण नेढेच म्हणतो.

बघा, एका डोंगराने किती शब्द दिले!

ही धार तयार कशी झाली?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून आपला दख्खनचा प्रदेश तयार झाला. या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. या प्रदेशाला इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीकडे लांबून पाहिले तर खरोखरच पायऱ्या दिसतात. उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार.

असे का? सगळे थर सारखे टणक नसतात. टणक थर लवकर झिजत नाही, त्याचा कडा होतो. ज्या थरात बुडबुड्यांची भोके राहिली, तो ठिसूळ असतो. तो झिजतो आणि त्याचा उतार होतो.

मग पावसाचे काम सुरू होते. डोंगराच्या एका बाजूने एक ओढा माती-दगड कापत मागे मागे सरकतो, दुसऱ्या बाजूने दुसरा. दोघांच्या मध्ये जे उरते, ती धार. राजगडाचा डोंगर कानंदी, गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांच्या बेचक्यात उभा आहे. हे सगळे पाणी पुढे नीरेतून जाते. नीरा नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते आणि भीमा तिथून पंढरपूरला येते. म्हणजे तोरणा-राजगडाच्या धारेवर पडलेला पाऊस आपल्या चंद्रभागेत येतो! आणि आपली काळी, कापसाची माती म्हणजे याच बेसॉल्टचा झिजून झालेला चुरा. तो डोंगर आणि आपले रान एकाच घरातले आहेत, असे मी मुलांना सांगते.

दोन गडांची थोडक्यात ओळख

तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास. पायथ्याचे गाव वेल्हे. शिवरायांनी अगदी तरुण वयात हा गड घेतला आणि त्याच्या विस्तारावरून त्याला 'प्रचंडगड' हे नाव दिले. गडाला दोन माच्या आहेत, झुंजार माची आणि बुधला माची. तेलाचा बुधला उपडा ठेवल्यासारखा सुळका आहे, म्हणून बुधला.

समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवरायांनी राजगड बांधला. सुमारे पंचवीस वर्षे तो स्वराज्याची राजधानी होता. बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या अशी त्याची रचना. मघाशी सांगितलेले नेढे सुवेळा माचीवर आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राजगड आहे.

तोरण्याच्या बुधला माचीकडून उतरणारी धार फिरत फिरत राजगडाच्या संजीवनी माचीला जाऊन भिडते. दोन गडांना जोडणारी ही नैसर्गिक वाट. चालायला साधारण सहा-सात तास लागतात. चढउतार, घसारा आणि सावली फार कमी.

आमची वाट आणि माझी चूक

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात आम्ही डी.एड.चे सहा वर्गमित्र-मैत्रिणी या वाटेला गेलो. पाठीवर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. "आपण सोलापूरची माणसं, आपल्याला उन्हाचं काय सांगता?" असे म्हणत निघालो.

पहाटे वेल्ह्यातून चढायला सुरुवात केली. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा ओलांडून मेंगाई देवीच्या देवळापाशी पोहोचलो. वर गार वारा होता. दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे तोरण्यावर सोलापूरपेक्षा सहा अंश कमीच. आम्ही खूश! भाकरी-चटणी पोटभर खाल्ली आणि टाक्यातले पाणी भरून घेण्याचा कंटाळा केला.

बुधला माचीवरून खाली उतरताना कातळाचा उभा टप्पा आहे. तिथे सगळे एकमेकांना सांभाळत, अगदी शहाण्यासारखे उतरलो. भीती वाटत होती म्हणून काळजी घेतली. घात झाला तो त्यानंतरच्या सोप्या वाटेवर.

धारेवर लागल्यावर मला चालण्याचा हुरूप आला. आम्ही तिघे पुढे गेलो, तिघे मागे राहिले. आधी ते दिसत होते, मग नुसता आवाज, मग आवाजही नाही. एका ठिकाणी सोंड फुटते आणि ढोरवाट खाली जाते. तिथे आम्ही थांबायला हवे होते. "येतील की मागनं," असे मीच म्हणाले.

पुढच्या खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तिथे बसून पाऊण तास वाट पाहिली. कोणी येईना, मोबाइलला रेंज नाही. मग मी आणि एक मैत्रीण उलट्या फिरलो. वाटेत एक गुराखी आजोबा भेटले. ते म्हणाले, "तुमची मान्सं खालच्या वाटंला बसल्यात. एकाला उठवंना." आणि मग म्हणाले, "म्होरं पळून काय मिळतंय ताई? मागचा दिसतोय का, ते बघत चालावं."

आमचा एक मित्र ढोरवाटेवर एका खडकाला टेकून बसला होता. पोटऱ्यांत गोळे आलेले, दोनदा उलटी झालेली, ओठ पांढरे. तिघांच्याही बाटल्या रिकाम्या. आणि औषधांची पिशवी, ओआरएसची पाकिटे, सगळे कुठे होते? माझ्या पाठीवर! सर्वांत पुढे पळणारीच्या पाठीवर.

ओआरएस पाण्यात मिसळून घोट घोट पाजले. आजोबांनी जवळच्या वस्तीवरून पाण्याची कळशी आणून दिली. त्याला सावलीत निजवले. तासाभराने तो उठून उभा राहिला. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि समोर राजगड दिसत होता. दोघांचे म्हणणे पडले, "एवढं लांब आलोय, हळूहळू जाऊ." मित्रही म्हणाला, "माझ्यामुळं थांबू नका." पण अजून बरीच चढाई बाकी, सूर्य साडेसहाला मावळणार आणि त्याचे पाय लटपटत होते. आम्ही खिंडीतून रस्त्याने खाली उतरलो. राजगड राहिला.

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मला एकच वाटत होते, अजून एक तास उशीर झाला असता तर? आजोबा भेटलेच नसते तर?

असे का झाले?

चढताना स्नायू काम करतात, अंग तापते आणि घाम येतो. धारेवर वारा सतत असतो, घाम लगेच वाळतो. त्यामुळे घाम येतोय हेच कळत नाही, तहानही उशिरा लागते. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते आणि मग गोळे येतात. सोलापूरच्या उन्हाची सवय आम्हाला होती, ती सावली शोधत चालण्याची. पाठीवर ओझे घेऊन सहा तास चढउतार करण्याची नव्हती. चटणीने तहान वाढवली, ती वेगळीच.

गटाने धारेवर चालताना

१. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. सगळ्या गटाचा वेग तोच.
२. शेवटी एक अनुभवी माणूस असावा. औषधांची पिशवी त्याच्याकडेच. कारण अडचणीत येणारा माणूस बहुधा मागे असतो.
३. पुढच्याने मागचा दिसेल इतकेच अंतर ठेवावे. वाट फुटते तिथे सगळे जमेपर्यंत थांबावे.
४. माणशी तीन-चार लिटर पाणी घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे.
५. कातळावर चढताना-उतरताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले असावेत, एकच हलवावा. उभ्या टप्प्यावर खडकाकडे तोंड करून उतरावे.
६. घसाऱ्यावर एकामागे एक, अंतर ठेवून चालावे. दगड सुटला तर "दगड!" असे मोठ्याने ओरडावे.
७. कड्यांवर आग्यामोहोळ असते. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळावा.
८. परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे. ती झाली की वाद न घालता फिरावे.
९. गावात कोणालातरी आपली वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

पुढच्या वर्षी जानेवारीत आम्ही तेच सहा जण पुन्हा गेलो. या वेळी तो मित्र सर्वांत पुढे आणि मी सर्वांत मागे, पिशवी घेऊन. ढोरवाट फुटते तिथे सगळे थांबलो. ऊन कलायच्या आत अळू दरवाजातून संजीवनी माचीवर शिरलो. मागे वळून पाहिले तर तोरण्यापासून आलेली अख्खी धार दिसत होती. मित्र म्हणाला, "मागच्या वेळी इथपर्यंत आलो असतो, तर हे बघायला मी शुद्धीवर नसतो." सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही.

वर्गात करण्यासारखे उपक्रम

• जाड पुठ्ठा आणि मऊ माती यांचे एकावर एक थर लावून डोंगर करा. वरून झारीने पाणी सोडा. कडा आणि उतार कसे होतात ते मुलांना पाहू द्या.
• नकाशावर गुंजवणी ते नीरा, नीरा ते भीमा, भीमा ते पंढरपूर असा पाण्याचा प्रवास बोटाने दाखवा.
• घरगुती जलसंजीवनी तयार करा : १ लिटर उकळून गार केलेले पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. प्रमाण मुलांकडून पाठ करून घ्या.
• मैदानावर रांगेने चाला. एकदा सर्वांत वेगवान मूल पुढे ठेवा, एकदा सर्वांत हळू चालणारे. दोन्ही वेळा रांग कुठे तुटते ते मुलांनाच मोजायला सांगा.

हा शेवटचा उपक्रम मी दरवर्षी घेते. रांग तुटली की मुले आपण होऊन ओरडतात, "बाई, मागची राहिली!" वर्गातही तसेच असते ना? पुढे पळणाऱ्या चार मुलांबरोबर पाठ संपवणे सोपे असते. पण औषधांची पिशवी मागच्याच्या जवळ लागते, हे मला त्या धारेने शिकवले.

तुम्हीही आपल्या गटासोबत ही वाट जरूर चाला. पण मागे बघत चाला, बरं का!