बर्फाखाली नदी काय करते? काठावरचा भूकंपमापक सांगतो

भूकंपमापक म्हटलं की आपल्याकडे आधी कोयना आठवते. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर या यंत्राचं नाव गावोगाव पोचलं. पण जमिनीला हादरे फक्त भूकंपच देतो असं नाही. वाहती नदीही देते, अगदी बारीक. हेच हादरे टिपून उत्तर स्वीडनमधल्या सेवार नदीचा अभ्यास झाला आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला.

तिकडच्या नद्या वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा बर्फाखाली असतात. त्या काळात तळाशी किती वाळू, किती गोटे सरकतात हे मोजायचं कसं? बर्फ पातळ असेल तर त्यावर पाय ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. वसंतात बर्फ फुटू लागला की पात्रात उतरायची सोयच नाही. म्हणजे जे महिने मोजायला हवेत, नेमक्या त्यांचीच पानं वहीत कोरी. पूल, धरणं, माशांची अंडी घालायची जागा, सगळं या गाळावर अवलंबून असताना ही मोठीच उणीव आहे.

सेवारवर एक यंत्र पात्रापासून 40 मीटर लांब, कोरड्या जमिनीत होतं. पाण्याच्या खळबळीची कंपनं साधारण संथ असतात, तर तळावर आपटत जाणाऱ्या गोट्यांची जास्त जलद. बर्फाला तडा गेला की क्षणभराचा तीव्र ठोका उमटतो. त्यामुळे एकाच नोंदीतून तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता येतात. बर्फ गेल्याबरोबर या नोंदींत रोजचा चढउतार दिसू लागला, कारण दिवसा ऊन पडलं की बर्फ वितळतो आणि नदी फुगते. बर्फ मुख्यतः उष्णतेने जागीच कमकुवत होऊन फुटला, पाण्याच्या रेट्याने नव्हे, हेही तड्यांच्या नोंदींवरून कळलं.

आता हिशेब. आधीचे अंदाज बर्फाचा काळ वगळूनच केलेले. पाणलोटाच्या दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला 0 ते 50 टन. एवढी ढिली रेंज कुठल्याही ऑडिटरने परत पाठवली असती! नवा आकडा आहे किमान 56.2 टन, 0.7 इकडे-तिकडे. मात्र बहुतेक गाळ बर्फ फुटताना आणि त्यानंतरच्या पुरातच वाहतो, असं त्यात गृहीत धरलंय. 0.7 वाचून लगेच हुरळून जाऊ नये, ते यासाठी.

ही पद्धत मुळात बर्फाळ नद्यांसाठी निघालेली नाही. नेपाळमधल्या त्रिशूली नदीकाठी भूगर्भाच्या अभ्यासासाठी लावलेल्या भूकंपमापकांत पावसाळ्यात गोंगाट वाढायचा. तो नदीचाच आहे, असं 2008 च्या एका शोधनिबंधाने दाखवलं. अडचणी अजूनही आहेत. वारा सुटला, पाऊस पडला, जवळून गाडी गेली तरी यंत्र थरथरतं. शिवाय गोठलेल्या जमिनीतून कंपनं वेगळ्या प्रकारे प्रवास करतात, त्यामुळे हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातली नोंद एकाच मापाने वाचून चालत नाही.