अज्ञानाच्या आधारावरचे कुलूप

दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करावयास कागद-पेन्सिल पुरते. परंतु तयार गुणाकार हाती देऊन त्याचे मूळ अवयव काढावयास सांगितले, की भल्याभल्यांची मती कुंठित होते. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून येणारी २१ अंकी संख्या मूळ नाही, हे फ्रेंच गणिती ल्यूका यांनी १८७६ साली दाखविले. तिचे दोन अवयव मात्र १९०३ साली अमेरिकेतील कोल यांनी मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या फुटते हे कळणे निराळे आणि ती कोठे फुटते हे कळणे निराळे!

या अवघडपणाचेच रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी १९७७ साली कुलूप बनविले. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करावयाचा. त्याने मजकूर कोणीही बंद करावा, उघडावा मात्र अवयव जाणणाऱ्यानेच. संगणकावरून होणाऱ्या कितीतरी व्यवहारांस आज हे कुलूप लागलेले आहे.

परंतु ते अभेद्य आहे, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. फोडण्याची झटपट रीत मानवास ठाऊक नाही, हाच त्याचा आधार. कर्त्यांनी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या फोडण्यास कोट्यवधी वर्षे लागतील, असा तेव्हाचा अंदाज होता. सुमारे १,६०० संगणकांनी मिळून १९९४ साली ती आठ महिन्यांत फोडली. २०२० साली २५० अंकी संख्याही फुटली. व्यवहारातील संख्या आज बहुधा सहाशेहून अधिक अंकी असतात, हे खरे. तथापि क्वांटम संगणकावर अवयव वेगाने काढण्याची रीत पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखवून ठेवली आहे. तेवढा समर्थ संगणक अद्याप घडलेला नाही, एवढाच काय तो दिलासा.

आज चोरून साठविलेला बंद मजकूर उद्या उघडता येईल, हा धोका आम्हांस अधिक गंभीर वाटतो. बँकेतील शिल्लक उद्या बदलेल. पण रुग्णाची व्याधी आणि राष्ट्राचे गुपित वीस वर्षांनीही गुप्तच राहावयास हवे. अमेरिकेने २०२४ साली नव्या धर्तीच्या कुलपांची प्रमाणके जाहीर केली. भारत सरकारने २०२३ साली क्वांटम संशोधनासाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची मोहीम मंजूर केली, हे स्वागतार्हच. परंतु संशोधनास पैसा देणे आणि आपल्या दाराचे कुलूप बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बँकांनी व शासकीय खात्यांनी आपली जुनी कुलपे कोठे कोठे आहेत याची मोजदाद आताच करावी आणि ती बदलण्याचे वेळापत्रक जनतेपुढे ठेवावे, अशी आमची मागणी आहे.