पॉइंट दिसत नाहीत, तरी चला माथेरानला!

जुलैतल्या रविवारी सकाळी घाटकोपरच्या फलाटावर माथेरानची पार्टी लगेच ओळखू येते. पाठीवर सॅक, पायात फ्लोटर्स, मोबाइल दुधाच्या रिकाम्या पिशवीत. यातले अंधेरीवाले मेट्रोने आलेले असतात. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि त्यांचा दादरचा वळसा वाचला. बोरिवलीकर अजूनही दादरला उतरून पूल चढतात. मुलुंडवाले फक्त कर्जत लोकलमध्ये घुसतात आणि दाराशी उभे राहून सगळ्यांना सांगतात की आम्हाला तर हे घराजवळच आहे. उतरायचं सगळ्यांना नेरळलाच. महाबळेश्वर उंचीने आणि रुबाबाने कितीही मोठं असो, त्याच्या पायथ्याशी लोकल जात नाही.

आता खरी गोष्ट आधीच सांगून टाकतो. पावसाळ्यात माथेरानला बघायला काही नसतं. लुईझा, पॅनोरमा, एको, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन असे पस्तीसच्या वर पॉइंट आहेत आणि जुलैत त्या सगळ्यांवरून एकच दृश्य दिसतं, ते म्हणजे पांढरं. लुईझा पॉइंटसमोर प्रबळगड आहे म्हणतात. असेलही. पण त्या पांढऱ्यातच मजा आहे.

ते धुकं नव्हेच

अरबी समुद्रावरून निघालेली ओली हवा मुंबईवरून सरकत सह्याद्रीला येऊन थडकते. पुढे वाट नाही, म्हणून वर चढते. वर दाब कमी, म्हणून पसरते. पसरली की गार होते आणि पोटातली वाफ थेंब होऊन बाहेर पडते. माथेरान साधारण ८०० मीटरवर आहे. पावसाळी ढगांचा तळ बऱ्याचदा त्याच्याही खाली असतो. म्हणजे अंधेरीच्या गच्चीवरून डोक्यावर जे करडं छत दिसतं, त्याच्या आत जाऊन तुम्ही मक्याचं कणीस खात असता. ‘धुक्यातले फोटो’ या अल्बमचं नाव बदलायला हरकत नाही.

बाइकला बंदी, पण पहिला बंगला ‘बाइक’

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट चौक गावी मुक्कामाला होते. समोरचा डोंगर बघून त्यांना वर जावंसं वाटलं. वन ट्री हिलच्या बाजूने ते चढले, रामबागेकडून उतरले आणि पुढे वर बंगलाच बांधला. त्याचं नाव ‘द बाइक’! ज्या गावात आज मोटारसायकलच काय, स्कूटीही आणता येत नाही, त्या गावाचा साहेबी श्रीगणेशा या नावाने झाला. अर्थात डोंगरावरच्या आदिवासी वाड्यांना ही जागा माहीत होतीच. ‘शोध’ लागला तो साहेबाला. नंतर गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे मुक्काम ठोकला आणि मुंबईच्या बड्या मंडळींची रीघ लागली.

गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलाची गाडी सोडली तर मोटारीचा आवाज नाही. सिलिंडर, भाजी, कोंबड्या, हॉटेलच्या गाद्या, सगळं घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. वरच्या चहाची किंमत ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी तो दूध-साखरेचा प्रवास एकदा डोळ्यांपुढे आणावा.

माणसांनी माणसांना ओढायच्या हातरिक्षा मात्र या ‘वाहनमुक्त’ कौतुकाची दुखरी बाजू होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं. चढावर धापा टाकणारा माणूस बघत आरामात बसणं कुणाला कसं जमायचं, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

धारावीच्या पैशातून झुकझुक

नेरळ-माथेरान रेल्वे सरकारने बांधलेली नाही. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून. सर आदमजी म्हणजे धारावीत कातडं कमावण्याचा मोठा कारखाना काढणारे, मुंबईतले धनाढ्य बोहरी उद्योजक. १९०१ ते १९०७ काम चाललं, खर्च सोळा लाख रुपये. रूळ जेमतेम दोन फुटी. २१ किलोमीटरचं अंतर, दोन तासांहून जास्त वेळ आणि वेगाची मर्यादा ताशी वीसच्या आसपास. डोंगर इतका वळणांचा की सुरुवातीला जर्मनीच्या ओरेनश्टाइन आणि कोप्पेल कंपनीकडून खास वाकणाऱ्या आसांची वाफेची इंजिनं आणावी लागली.

स्टेशनांची नावं ऐका: जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. अख्ख्या मार्गावर बोगदा एकच आणि तोही एवढासा, की त्याचं नाव पडलं ‘वन किस टनेल’. गाडी त्यात शिरली की मुलं किंचाळतात आणि आजी-आजोबा एकाएकी खिडकीबाहेर बघू लागतात.

आणि पावसाळ्यात? नेरळहून वर जाणारी गाडी बंद! जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फक्त वरची अमन लॉज-माथेरान शटल चालते. दरड आणि रूळ वाहून जाण्याची भीती नुसती कागदावरची नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुर्ला-कलिना गळ्यापर्यंत बुडालं, हे कोणता उपनगरवाला विसरेल? त्याच पावसात या रेल्वेचीही दाणादाण उडाली आणि गाडी परत धावली ती २००७ मध्ये. म्हणून पावसाळ्यात नेरळ ते दस्तुरी शेअर टॅक्सी. ड्रायव्हर वळणावर मागे वळून तुमच्याशी गप्पा मारतो, तेव्हा उत्तर देऊ नका.

माथेरानचा भाई

चिक्की-चपलांच्या गर्दीत हे नाव राहून जातं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, गाव माथेरान. नाभिक कुटुंबातला मुलगा वकील झाला, नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला आणि १९४२ च्या आंदोलनात भूमिगत झाला. त्यांच्या आझाद दस्त्याने ठरवलं, की इंग्रजांना टोचायचं तर मुंबईच्या विजेत टोचायचं. घाटाखालच्या वीजकेंद्रांतून मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे त्यांनी पाडायला सुरुवात केली. त्या विजेवर गिरण्या चालायच्या, लोकल चालायची. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं. त्या चकमकीत कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवालांनी वयाची एकतिशीही गाठली नव्हती. नेरळला उतरल्यावर हे नाव दिसलं तर सेल्फीआधी क्षणभर थांबायला काय जातं?

आणि ती वीज तरी कुठली? पावसाचीच. लोणावळ्याच्या माथ्यावर पडलेलं पाणी तलावांत अडवून, नळांतून खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज काढली. ज्या पावसाला आपण सोमवारी सकाळी शिव्या घालतो, त्याचेच थोरले भाऊ शंभर वर्षं मुंबईचे दिवे लावताहेत.

वरच्या जंगलाचं थोडक्यात

अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा. सदाहरित झाडी, त्यामुळे दुपारी दोनलाही संध्याकाळ. शार्लट तलाव गावाला पाणी पाजतो. पावसात तो भरून वाहू लागला की शेजारच्या पिसारनाथाच्या दर्शनाला आलेले लोक देवाला कमी आणि धबधब्याला जास्त वेळ देतात. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. माकडांना हे कुणी सांगितलेलं नाही. ती वेफर्सचं पाकीट बघून तुमची संवेदनशीलता तपासतात.

नेरळला उतरायला विसरलात तर

डुलकी लागली आणि थेट कर्जतला पोचलात, तरी वाईट नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवायला इथे मागून बँकर इंजिनं लागतात. गाडी थांबते आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटवडा प्रसिद्ध झाला. तो घाट रेल्वेसाठी खोदायचं कंत्राट १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतलं, पण इथे आल्यावर काही दिवसांतच ते वारले. काम थांबलं नाही. त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट हाती घेतलं, इंजिनिअर नेमले आणि १८६३ मध्ये भोर घाटातून गाडी धावली. हे सगळं वडा खाताना आठवलं तर बरं.

निघायच्या तयारीत असाल, तर शेवटचं आणि सगळ्यात कामाचं. माथेरानची जमीन जांभ्याची आहे. ती लाल माती पावसात बुटात शिरते, मोज्यात मुरते आणि बोरिवलीच्या बाथरूममध्ये तीन दिवस पाझरत राहते. पांढरे मोजे घालू नका. आणि परतीची शटल गाठायची असेल तर तिकिटाच्या रांगेत घोड्यावरून उतरलेल्या लोकांच्या आधी लागा.